तीनशे तबकड्यांची पाळी

रेकॉर्डचे दिवस परत आले असं म्हणणाऱ्यांकडे आकडे आहेत आणि ते आकडे खरे आहेत. अमेरिकेत २०२० साली रेकॉर्डच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली, १९८६ नंतर पहिल्यांदाच. २०२२ मध्ये नगांच्या हिशोबातही तेच झालं: सीडी सुमारे ३.३ कोटी, तबकड्या सुमारे ४.१ कोटी. मग याच काळात डेट्रॉइट, बर्लिन, ग्लासगो, रॉटरडॅम इथली टेक्नो आणि हाउस या डान्स संगीताच्या प्रकारांची छोटी लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपन्या, ‘आता झेपत नाही’ असं का म्हणत होती? याची दोन ठरलेली उत्तरं दिली जातात. एक बाजू म्हणते, बाजार वाढतोय, ज्याला जमत नाही त्याच्या मालातच दम नाही. दुसरी म्हणते, तबकडी हा हौशी लोकांचा चोचला आहे, फाइली विका आणि मोकळे व्हा. मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघंही संगीतकार आणि ऐकणारा एवढीच दोन टोकं बघतात. तबकडी छापणारा कारखाना आणि ती दुकानापर्यंत नेणारा वितरक हा मधला टप्पा कोणी बघतच नाही. स्वतंत्र डान्स लेबलं बुडतात ती याच टप्प्यावर. तो लेबलांच्या आणि दुकानांच्या सामायिक मालकीत येत नाही तोवर विनाइलची, म्हणजे तबकडीची, कितीही भरभराट झाली तरी छोट्यांच्या पदरात काही पडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या टेबलावर आत्ता बर्लिनहून आलेली एक बारा इंची तबकडी आहे. टपालखर्च तिच्या किमतीएवढाच पडला आणि पाकिटाचा एक कोपरा वाटेत दबला. पाकीट साध्या पुठ्ठ्याचं, त्यावर चित्र नाही. मधल्या पांढऱ्या चकतीवर शाईचा शिक्का, तोही थोडा तिरका. दिव्याखाली कलती धरली की एका बाजूला एकच गाणं दिसतं. चर रुंद आणि खोल आहेत, कारण मिनिटाला ४५ फेऱ्यांनी फिरताना बासचा धक्का मोठ्या हॉलच्या स्पीकरला पेलेल एवढी जागा सुईला हवी असते. गाणं संपल्यावर चकतीपर्यंत जो गुळगुळीत पट्टा राहतो, त्यात कोणीतरी हाताने टोचून क्रमांक कोरलाय. हे यंत्राचं काम नव्हे. लॅकर, म्हणजे छपाईसाठीची पहिली मूळ चकती, कापणाऱ्या माणसाने ती अक्षरं काढलीत. ही वस्तू घराच्या कपाटासाठी जन्मालाच आली नव्हती. न्यूयॉर्कच्या सॅल्सोल लेबलने १९७६ मध्ये बारा इंची सिंगल दुकानात विकायला आणली, ती डिस्कोच्या नाचणाऱ्यांसाठी आणि त्यांना नाचवणाऱ्या डीजेसाठी. डान्स संगीतात तबकडी हे कामाचं हत्यार होतं, आणि तिच्या अर्थकारणाची तुलना रॉकच्या अल्बमशी करणं हीच या वादातली पहिली चूक आहे.

हिशोब करून बघा. समजा, तीनशे प्रती काढायच्या. मास्टरिंग (छपाईआधी आवाजाची शेवटची जुळणी), लॅकर कापणं, त्यावरून निकेलचे साचे, चाचणी प्रती हा सगळा खर्च तीनशेला जेवढा, जवळपास तेवढाच तीन हजारांना. दुकानातली किंमत १५ युरो धरू. जर्मनीत त्यावर १९ टक्के कर, म्हणजे सुमारे २ युरो ४० सेंट आधीच वजा. उरलेल्यातून दुकानाचा वाटा, मग वितरकाचा. लेबलच्या हाती सहा-सात युरो आले असं धरलं, तर त्यातून छपाई, साचे, वाहतूक आणि राहिलंच काही तर संगीतकार. पहिली आवृत्ती पूर्ण संपली तरी लेबल जेमतेम बरोबरीत येतं. कमाई होते ती दुसऱ्या छपाईत, कारण साच्यांचा खर्च तोवर निघालेला असतो. आता वेळेचा विचार करा. एखादा ट्रॅक जूनमध्ये चार मोठ्या डीजेंनी वाजवला, दुकानांतून मागणी आली, तर दुसरी छपाई जुलै-ऑगस्टात हवी. ती पुढच्या मार्चमध्ये मिळाली तर घेणार कोण?

इथे मला ऊस आठवतो, आणि ऊस ज्याने जवळून पाहिलाय त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. शेतकऱ्याने ऊस उत्तम पिकवला, कारखानाही जवळ आहे, साखरेला भावही आहे. पण तोडणीची पाळी ठरवणार कोण? मोठ्या बागायतदाराच्या फडात टोळी वेळेवर पोचते आणि दोन एकरवाला चिटबॉयच्या, म्हणजे तोडणीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागे फिरत राहतो. तोवर उसाला तुरे येतात, वजन घटतं, उतारा पडतो. पीक तेच, जमीन तीच, नुकसान पाळीमुळे. २०२१ मध्ये तबकडीच्या कारखान्यांत नेमकं हेच चाललं होतं. महासाथीत मागणी वाढली आणि रांग महिनोन्‌महिने लांबली. त्याआधी, फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावचा अपोलो मास्टर्सचा कारखाना आगीत जळाला होता. छपाईच्या पहिल्या पायरीला लागणाऱ्या कोऱ्या लॅकर चकत्या बनवणारे जगात मुळात दोन, त्यातला हा एक. उरला तो जपानमधला. अशा वेळी नोव्हेंबर २०२१ मध्ये अडेलचा नवा अल्बम आला आणि त्याच्या पाच लाखांहून जास्त तबकड्या छापल्याच्या बातम्या आल्या. सगळा राग तिच्यावर निघाला.

तो राग चुकीच्या जागी होता, हे मी मान्य करतो. एका गायिकेच्या पाच लाख तबकड्यांनी सगळ्या जगाची रांग अडत नाही, आणि तिच्या चाहत्यांना रेकॉर्ड घेण्याचा हक्क माझ्याएवढाच आहे. मोठ्या कंपन्यांच्या बाजूचा खरा जोरदार मुद्दा तर वेगळाच आहे. त्यांच्या मोठ्या ऑर्डरींमुळेच कारखान्यांना नवी यंत्रं घेणं परवडलं, नवे कारखाने उभे राहिले, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत रांग बरीच कमी झाली. हे सगळं बरोबर. पण कारखाने त्यांच्यामुळे ‘वाचले’ असं म्हटलं जातं तेव्हा मला राहवत नाही. नव्वदच्या दशकात याच कंपन्या तबकडी सोडून सीडीकडे पळाल्या, तेव्हा यंत्रं चालू कोणी ठेवली? हॉलंडमधल्या हारलेमचा कारखाना सोनीचा होता. १९९८ मध्ये तो डान्स संगीताच्या धंद्यातल्या टॉन व्हर्म्यूलेन यांनी विकत घेतला आणि आज तो ‘रेकॉर्ड इंडस्ट्री’ या नावाने चालतो. डेट्रॉइटचं आर्चर हे १९६५ पासूनचं एका कुटुंबाचं छोटं छापखानावजा दुकान. तिथल्या टेक्नोवाल्यांच्या बारा इंच्या तिथे निघाल्या. दुष्काळात ज्यांनी विहीर उपसत ठेवली, त्यांना पाऊस पडल्यावर पाण्याच्या रांगेत शेवटी उभं करायचं, याला बाजाराचा नियम म्हणायचं का? मार्च २०२२ मध्ये रॉक संगीतकार जॅक व्हाइटने सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर या तिघांना उघड सांगितलं की तुमचे स्वतःचे कारखाने पुन्हा उभारा. तो स्वतः २०१७ पासून डेट्रॉइटमध्ये कारखाना चालवतो, म्हणजे ऑर्डरी वाढल्या तर त्याचा फायदाच होता. तरी तो हे म्हणाला.

रांग आता आखूड झाली, म्हणून प्रश्न मिटला असं समजणाऱ्यांनी वितरकाकडे बघावं. माझ्या मते खरा घाव तिथे बसतो. छोटं लेबल माल वितरकाला उधारीवर देतं. दुकानं वितरकाला दोन-तीन महिन्यांनी पैसे देतात, वितरक लेबलला त्यानंतर. पुष्कळदा छपाईचे पैसेही वितरकच घालतो आणि विक्रीतून आधी स्वतःचे वळते करून घेतो. आपल्याकडे अडत्या कांदेवाल्याला उचल देतो, त्यातलाच प्रकार. उचल वाईटच असते असं मी म्हणणार नाही. तिच्याशिवाय शेकडो चांगल्या तबकड्या निघाल्याच नसत्या. पण अडत्या बुडाला की काय होतं? नोव्हेंबर २००८ च्या अखेरीस ब्रिटनमधली रेकॉर्डही विकणारी वूलवर्थ्स ही दुकानांची साखळी कोसळली आणि आठवड्याभरात पिनॅकल हा तिथला मोठा स्वतंत्र वितरकही दिवाळखोरीत गेला. सुमारे चारशे लेबलांचा माल त्याच्याकडे होता. अशा वेळी विकलेल्या मालाचे पैसे अडकतात आणि न विकलेला माल गोदामात कुलुपाआड राहतो. घेणेकऱ्यांच्या यादीत बँक वर आणि लेबल तळाला. १९९१ मध्ये ब्रिटनच्याच रफ ट्रेड या स्वतंत्र लेबलची वितरणसंस्था अशीच गेली होती. ऑगस्ट २०११ च्या लंडन दंगलीत एनफील्डचं सोनीचं गोदाम जाळलं गेलं. त्यात पीआयएएस या वितरकाकडचा शंभराहून अधिक स्वतंत्र लेबलांचा साठा एका रात्रीत राख झाला. वॉर्प, निंजा ट्यून यांसारखी लेबलं त्यातून उभी राहू शकली, कारण त्यांच्यामागे नाव होतं, जुन्या रेकॉर्डचं उत्पन्न होतं. ज्याच्या सगळ्या मिळून चार तबकड्या निघाल्या होत्या आणि चारही तिथेच होत्या, त्याने काय करायचं? या तिन्ही प्रसंगांत ऐकणाऱ्याची आवड बदलली नव्हती, संगीतकार आटले नव्हते. सगळ्यांनी आपली अंडी दुसऱ्याच्या एकाच टोपलीत ठेवली होती.

‘मग तबकडी सोडाच’ हा सल्ला इथे येतो, आणि त्यातली ताकद मी कमी लेखणार नाही. फाइलला कारखाना लागत नाही, गोदाम लागत नाही, टपाल लागत नाही. नाशिकच्या एका खोलीत बनवलेला ट्रॅक त्याच संध्याकाळी टोकियोत वाजू शकतो. तबकडीच्या बंदिस्त जगात त्या मुलाला कोणी दारातही उभं केलं नसतं, हे मान्य करायलाच हवं. शिवाय तबकडीविना डान्स संगीत बहरू शकतं याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर ज्या रात्रीच्या पार्ट्यांतून गोवा ट्रान्स घडला, तिथले डीजे प्रामुख्याने कॅसेट आणि डॅट (डिजिटल ऑडिओ) टेप वाजवत. उन्हाने, वाळूने, प्रवासाने रेकॉर्डचं वाटोळं व्हायचं. संगीत थांबलं का? उलट जगभर गेलं. पण कसं गेलं ते पाहा. १९९३ मध्ये लंडनला ड्रॅगनफ्लायसारखी लेबलं निघाली, तबकड्या आणि सीडी छापल्या गेल्या, वितरकांनी त्या दुकानांत पोचवल्या. किनाऱ्यावरच्या टेपा ओळखीच्या माणसाकडून ओळखीच्या माणसाकडे फिरत राहिल्या. डॅट यंत्रं बनवणं सोनीने २००५ मध्ये थांबवलं आणि त्या टेपा वाचणंही दरवर्षी अवघड होत चाललंय.

आणि फाइलला मधला माणूस लागत नाही, हे तरी खरं आहे का? २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात हजारापेक्षा कमी वेळा ऐकलेल्या ट्रॅकला ध्वनिमुद्रणाचं मानधनच मिळत नाही. हजाराची ही रेषा स्पॉटिफायने आखली, छोट्या लेबलांनी नव्हे. बँडकॅम्प हे लेबलांचं संगीत थेट ऐकणाऱ्यांना विकणारं संकेतस्थळ हा त्यातल्या त्यात भला मार्ग होता. महासाथीत, मार्च २०२० पासून, ठरावीक शुक्रवारी ते स्वतःचा वाटा सोडत आणि त्या दिवसांच्या आधारावर कित्येक लेबलं तगली. २०२२ मध्ये ते एका व्हिडिओ गेम कंपनीने घेतलं, २०२३ मध्ये तिने ते पुढे विकलं आणि निम्मे कर्मचारी घरी गेले. ज्या दुकानावर तुमचं पोट आहे ते तुमच्या डोक्यावरून दोन वर्षांत दोनदा विकलं जातं, आणि तुम्हाला बातमी वाचूनच कळतं. अडत्या बदलला, पेढी संगणकात गेली, हाताशी काही उरण्याची खात्री मात्र आधीपेक्षा कमी झाली.

तबकडीच्या बाजूने एक उदाहरण मला जवळचं वाटतं, कारण ते मुंबईचं आहे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड या जपानी कंपनीची तेव्हाची नवी इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. एच.एम.व्ही.ने रेकॉर्ड काढली, ती खपली नाही, लोक विसरले. यातलं एक यंत्र पुढे शिकागोच्या अॅसिड हाउस या हाउसच्याच प्रकाराचा कणा ठरलं. वीसेक वर्षांनी एका डच संग्राहकाला ती तबकडी भारतातच सापडली आणि २०१० मध्ये त्याने आपल्या बॉम्बे कनेक्शन या छोट्या लेबलवर ती पुन्हा काढली. चरणजित सिंग तेव्हा हयात होते. उतारवयात परदेशातल्या मंचांवर त्यांनी ते वाजवलं. मूळ मालक एवढी मोठी कंपनी, तिला यात काही दिसलं नाही. दिसलं ते छोट्या लेबलला. आणि दिसू शकलं, कारण कुठल्या तरी दुकानाच्या गठ्ठ्यात ती वस्तू पडून होती. हजाराच्या रेषेखालची फाइल अशी पडून राहील का?

आता माझ्याच बाजूचं दुबळं अंग. ‘स्वतंत्र’ म्हणजे सज्जन, असं समजायचं कारण नाही. शिकागोच्या ट्रॅक्स रेकॉर्ड्सने हाउस जगासमोर आणलं हे खरं. मालकाने छपाईचं यंत्रही घेतलं आणि जुन्या रेकॉर्ड वितळवून त्याच विनाइलवर नवीन छापल्या, त्यांची खरखर आजही ऐकू येते. पण ज्या कृष्णवर्णीय तरुणांनी ते संगीत केलं त्यांची देणी दशकानुदशकं राहिली. त्यांच्यातल्या लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स यांना २०२० मध्ये कोर्टात जावं लागलं, २०२२ मध्ये तडजोड होऊन त्यांना आपल्या गाण्यांचे हक्क परत मिळाले. लेबल लहान असल्याने त्यांचं काही भलं झालं नाही. छापणारा, विकणारा आणि हिशोब ठेवणारा एकच आणि वही कोणाला दिसत नाही, तिथे हेच होतं. सामायिक मालकीचंही तेच. रफ ट्रेड ज्या ‘कार्टेल’ या प्रादेशिक वितरकांच्या जाळ्याचा भाग होतं ती मुळात सहकाराच्या भावनेतूनच उभी राहिली होती, तरी बुडाली. आपल्याकडे प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना सुरू झाला तेव्हा खाजगी साखर कारखानदाराला प्रथमच पर्याय मिळाला. पुढे सहकारातही घराणी झाली, कारखाने विक्रीला निघाले. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवूनच मी सामायिक मालकी म्हणतोय. अवसायनात निघालेल्या कारखान्यांकडे बोट दाखवून कोणी ‘मग खाजगी कारखानदारच बरा होता’ असं म्हटलं, तर १९५० च्या आधी तुमच्या आजोबांना उसाचा काय भाव मिळायचा, हे मी विचारेन.

छापण्याचं साधन कोणाकडे आहे यावर कोणाचा आवाज उरतो हे ठरतं. वडाळ्याच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात ‘यंग इंडिया’ छापाच्या रेकॉर्ड काढल्या. नामवंत गायक मोठ्या कंपनीच्या करारात अडकलेले, म्हणून यांनी नवख्यांना, हौशींना गायला बसवलं. मुंबईतच छापखाना होता म्हणून ते आवाज उरले.

प्लास्टिकचा आक्षेप मी टाळत नाही. तबकडी पीव्हीसीची आहे आणि पर्यावरणाला ती महाग पडते. पण एकाच अल्बमच्या पाच रंगांच्या आवृत्त्या काढून एकाच चाहत्याला पाचही घ्यायला लावणं आणि तीनशे प्रती छापून तीनशे विकणं यांना एकाच मापाने मोजू नका.

मग करायचं काय? लेबलांनी वितरकाशी करार करताना पैसे येईपर्यंत मालाची मालकी आपली राहील हे कलम घालून घ्यावं आणि विक्रीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायला लावावेत. पिनॅकलच्या वेळी अनेकांना हे नसल्याचीच किंमत मोजावी लागली. वीस-पंचवीस लेबलांनी आणि दहा-बारा दुकानांनी मिळून एखाद्या कारखान्याकडे वर्षाची ठरावीक यंत्रवेळ आगाऊ घ्यावी, त्यातला भाग फक्त दुसऱ्या छपाईसाठी राखीव. एकट्याची तीनशेची ऑर्डर कारखान्याला नकोशी वाटते, पंचवीस जणांची साडेसात हजारांची वाटत नाही. टपालाचंही तसंच. ब्रेक्झिटनंतर, जानेवारी २०२१ पासून, लंडनहून बर्लिनला एक तबकडी पाठवायची तरी सीमाशुल्काचा कागद लागतो. जुलै २०२१ पासून युरोपात २२ युरोखालच्या पार्सलची करमाफीही गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने छोट्या पार्सलची सूट काढली तेव्हा युरोपातल्या कित्येक टपालखात्यांनी तिकडची पार्सलं काही काळ घेणंच थांबवलं. हे सगळं एकेकट्याने रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून निस्तरायचं काम उरलेलं नाही. आणि आपण ऐकणाऱ्यांनी रेकॉर्ड निघण्याआधी, लेबलकडूनच, आगाऊ पैसे भरून घ्यावी. त्या आगाऊ पैशाने उचल टळते.

हे स्वप्नरंजन वाटत असेल तर बर्लिनचं हार्ड वॅक्स बघा. १९८९ मध्ये मार्क अर्नेस्टस यांनी सुरू केलेलं रेकॉर्डचं दुकान. त्याच्याभोवती बेसिक चॅनेल हे लेबल उभं राहिलं, मग १९९५ मध्ये लॅकर कापण्याची स्वतःची खोली. किंवा डेट्रॉइटला जा. माइक बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये सबमर्ज ही वितरणसंस्था काढली, कारण तिथल्या कृष्णवर्णीय टेक्नो संगीतकारांच्या तबकड्या बाहेरचे लोक विकत होते आणि हिशोबही बाहेरच राहत होता. ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या ३००० क्रमांकाच्या इमारतीत आज तिचा मुक्काम आहे. वर टेक्नोचं छोटं संग्रहालय, खाली तळघरात रेकॉर्डचं दुकान. तिथे तुम्ही तबकडी घेऊन रोख मोजलीत, की ते पैसे लेबलपर्यंत पोचायला एक जिना चढतात.